साहुकाराचे शील : राज्य, व्यवहार आणि सद्गुणाचा प्रश्न

१

इ. स. १७१४ मध्ये लंडन येथे बर्नार्ड मँडव्हिल या डच वंशाच्या वैद्याचा ‘द फेबल ऑफ द बीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जवळजवळ त्याच सुमारास, १७१५ च्या आगेमागे, करवीरच्या गादीवरील संभाजीराजांच्या नावे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. या दोन संहितांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. त्यांच्या कर्त्यांना एकमेकांच्या अस्तित्वाची वार्ता असण्याचेही कारण नाही. तरीही त्या शेजारी ठेवून वाचल्या असता एकच प्रश्न दोन्हींच्या मुळाशी असल्याचे दिसते. माणसांच्या चांगुलपणावाचून राज्य आणि बाजार चालू शकतात काय, हा तो प्रश्न होय.

मँडव्हिलचे उत्तर प्रसिद्ध आहे. ग्रंथाच्या मुळाशी असलेले त्याचे काव्य १७०५ मधले. त्यातील मधमाश्यांचे पोळे लबाडी, चैन आणि मत्सर यांवर भरभराटीस आलेले असते. माश्या मात्र अप्रामाणिकपणाविषयी तक्रार करतात, देव त्यांना एका क्षणात सच्छील करून टाकतो आणि पोळे ओस पडते. वकिलांना काम उरत नाही, कारागिरांना गिऱ्हाईक उरत नाही, आणि उरलेल्या मूठभर माश्या एका पोकळ झाडाचा आश्रय घेतात. व्यक्तीचे दुर्गुण हेच समाजाचे हित, असा या कथेचा निष्कर्ष. अमात्यांची भूमिका याच्या उलट आहे. साहुकारांमुळे राज्याला शोभा व समृद्धी येते, दुर्मीळ वस्तू राज्यात येतात आणि संकटकाळी कर्ज मिळते, म्हणून त्यांना मानाने बोलावून पेठा वसवाव्यात, असे ते सांगतात. परंतु हे सारे राजा, प्रधान आणि सेवक यांच्या शीलावर उभे आहे, असे ते गृहीत धरतात.

मराठी समीक्षेने हा प्रश्न बहुधा आपला मानलेला नाही. फडके-खांडेकर वादापासून साहित्यातील नीतीचा विचार ‘बोध हवा की नको’ एवढ्याच चौकटीत अडकला, आणि पुढे संहितेच्या अंतर्गत रचनेकडे लक्ष वळल्यावर ‘सद्गुण’ हा शब्दच भाबडा वाटू लागला. तो शब्द उच्चारणारा एक तर प्रवचनकार असतो किंवा हितसंबंध झाकणारा, असा संशय रूढ झाला. हा संशय निराधार नाही. मात्र संशय घेऊन झाल्यानंतरही प्रश्न उरतोच, आणि तो भाषेतच, शब्दांच्या इतिहासात, साठून राहिलेला असतो. तेथूनच प्रारंभ करणे इष्ट आहे.

२

‘नीती’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आलेला. मराठीत त्याचे दोन अर्थ शेजारी नांदतात : राज्य चालविण्याची रीत आणि सदाचरण. एखाद्याला नीतिज्ञ म्हटले तर तो चतुर आहे की सज्जन, हे संदर्भावाचून ठरत नाही. ‘व्यवहार’ या शब्दाचा पसारा त्याहून मोठा आहे. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे न्यायालयापुढील वाद. बाजारात व्यवहार म्हणजे देवघेव. आणि रोजच्या बोलण्यात व्यवहार म्हणजे जगण्याची रीत. समाज, शासन आणि व्यापार ही तीन क्षेत्रे एकाच शब्दाने धरली जातात, आणि या तिन्हींत माणसाची जी गोष्ट पणाला लागते तिला ‘पत’ म्हणतात. पत ही एकाच वेळी कर्ज मिळण्याची पात्रता आणि लोकांतील विश्वास असते.

परंतु सर्वांत बोलका इतिहास ‘साहुकार’ या शब्दाचा आहे. ‘साधु’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘साहु’, त्यावरून साहुकार. सज्जन आणि व्यापारी यांना एकच नाव असण्याची ही प्रथा सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाण्यापर्यंत पोचते. नौकेत द्रव्य भरलेले असता तो दंडी संन्याशाला पाने आणि वेलीच असल्याचे सांगतो, आणि नौकेत खरोखरच पाने आणि वेली उरतात. कथेचे धार्मिक प्रयोजन क्षणभर बाजूला ठेवले तर ती मालाच्या खोट्या कथनाची गोष्ट आहे. वाण्याने मालाविषयी जे सांगितले, तेच त्याच्या मालाचे सत्य होऊन बसते. व्यापाऱ्याचे नावच ‘साधु’ ठेवून त्याच्या तोंडी असत्य घालणाऱ्या परंपरेला, नाव आणि शील यांतील अंतर ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही.

आज्ञापत्रातील ‘साहुकार’ हा राज्याचे भूषण आहे. आजच्या मराठीतील ‘सावकार’ हा शब्द मात्र सहसा निंदेखेरीज येत नाही. राज्याच्या शोभेपासून ‘सावकारी पाश’ या शब्दप्रयोगापर्यंत हा शब्द कसा घसरला? सावकारांचे स्वभाव एकाएकी बिघडले, हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही.

३

या प्रवासाच्या आरंभी, आज्ञापत्राच्याही आधी, एक प्रसंग आहे. तुकारामांच्या घरी वाणिज्य आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारच्या दुष्काळाने घर मोडले; पत्नी आणि मूल गेले. पुढे तुकारामांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. अठराव्या शतकात महीपतींनी संतचरित्रांत हा प्रसंग वर्णिला, आणि त्यांच्या कथनात एक तपशील असा आहे की ज्याकडे भक्तिभावाने वाचणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. तुकारामांनी सगळी खते बुडविली नाहीत. त्यांचे आणि धाकट्या भावाचे, कान्होबांचे, असे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती राहिला, आणि बुडविला गेला तो केवळ तुकारामांचा स्वतःचा.

प्रसंग ऐतिहासिक दृष्ट्या कसा घडला, हा येथे मुद्दा नाही. समाजाने तो कोणत्या रूपात जपला, हे महत्त्वाचे. ती खते खोटी नव्हती. त्यांवरील येणे न्याय्य होते. वसुली केली असती तरी कोणी अधर्म म्हटले नसते. तुकारामांनी चुकीची गोष्ट करण्याचे टाळले असे येथे घडत नाही. जी गोष्ट करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, ती त्यांनी केली नाही. कायदा निषिद्धाला अटकाव करतो. बाजार लाभ-हानी दाखवितो. परंतु जे अनुज्ञात आहे आणि लाभदायकही आहे, तेथे थांबण्याचे कारण यांपैकी कोणीही पुरवू शकत नाही. त्या ठिकाणी जे काम करते त्यालाच ‘सद्गुण’ हे नाव काटेकोरपणे देता येईल.

धाकट्या भावाच्या वाट्याचा तपशील या व्याख्येला मर्यादाही घालतो. स्वतःचा अधिकार सोडता येतो. दुसऱ्याचा सोडता येत नाही. भावाची खते बुडविणारे तुकाराम उदार ठरले नसते, अन्यायी ठरले असते.

आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात याच जातीची एक गोष्ट आहे. गलबतांसाठी लाकूड हवे. राज्याच्या अरण्यातील सागवान परवानगीने तोडावे. परंतु आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, कारण ती लावणाऱ्यांनी लेकरांसारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असे तेथे सांगितले आहे. राज्याला सामर्थ्य होते, गरजही खरी होती. तरीही सामर्थ्य आणि गरज यांच्या बेरजेतून अधिकार निर्माण होत नाही, हे अमात्यांना सांगावेसे वाटले. व्यक्तीच्या बाबतीत तुकारामांनी जे केले, तेच शासनाच्या बाबतीत येथे आज्ञारूपाने आले आहे.

४

मँडव्हिलच्या आक्षेपाचे मग काय करावयाचे? त्याच्या युक्तिवादातील एक कच्चा दुवा ॲडम स्मिथने १७५९ च्या ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’मध्ये दाखविला. ज्यात स्वार्थाचा अंशही आहे ते सारे मँडव्हिल दुर्गुणात जमा करतो. सन्मानाची इच्छा, नीटनेटके राहण्याची आवड, हेही. व्याख्याच इतकी कठोर केल्यावर समाज दुर्गुणांवर चालतो हे सिद्ध होणारच. याला आणखी एक उत्तर जोडता येईल. मँडव्हिलच्या पोळ्यात संपत्तीची बेरीज आहे, परंतु ती कोणाच्या पदरातून आली याचा हिशेब नाही. लबाडीने एकाचा व्यवसाय वाढतो हे त्याला दिसते. ज्याला लुबाडले ती माशी कथेत पात्र म्हणून उभी राहत नाही. आख्यानाच्या रचनेतच निष्कर्ष दडलेला आहे, आणि हे ओळखणे हे समीक्षेचेच काम आहे.

स्मिथने प्रश्न येथेच सोडला नाही. १७७६ च्या ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराची चिकित्सा करताना तो एक अनपेक्षित पवित्रा घेतो. कंपनीच्या नोकरांच्या वैयक्तिक चारित्र्यावर ठपका ठेवण्याचा आपला हेतू नाही. ज्या व्यवस्थेत आणि ज्या परिस्थितीत ते ठेवले गेले, तिला दोष द्यावयाचा आहे, अशी त्याची भूमिका. व्यापारी म्हणून कंपनीचे हित आणि राज्यकर्ती म्हणून तिचे हित परस्परविरोधी होते. त्या जागी दुसरे कोणी असते तरी फारसे वेगळे वागले नसते.

या मताच्या साठ वर्षे आधी आज्ञापत्राने टोपीकरांविषयी जे बजावले, ते याच दिशेचे आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज इत्यादी हे इतर साहुकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि राज्यविस्ताराची हाव त्यांच्या व्यापारात मिसळलेली आहे. म्हणून त्यांना समुद्रकिनारी, खाडीच्या मुखाशी वखारीस जागा देऊ नये. दिलीच तर आत, मोठ्या गावाच्या वस्तीत द्यावी. येथे व्यापाऱ्याच्या सज्जनतेची चौकशी नाही. पाठीशी तोफ असलेला तराजू सरळ राहत नाही, एवढीच जाण आहे.

म्हणजे शीलाचा पुरस्कार करणारे आज्ञापत्रही सर्व भार शीलावर टाकत नाही. वतनदारांविषयीचे त्याचे विवेचन याहून तिखट आहे : ते राज्याचे वाटेकरी, आहे त्यावर संतुष्ट न राहणारे, म्हणून त्यांना स्नेह आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे. आता हे लिहिणारा हात कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. १६८९ नंतर राजाराम महाराज जिंजीस गेले असता महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपन्हा’ या नात्याने रामचंद्रपंतांकडे होता, आणि मोगलांकडे जाऊ पाहणाऱ्या सरदारांना राखण्यासाठी वतने देण्याचे धोरण त्याच काळात बळावले. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्यातच राहिली. १७१४ मध्ये ताराबाईंना दूर सारून करवीरच्या गादीवर जी नवी मांडणी झाली तीत त्यांचा हात होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तडजोडी केलेल्या माणसाने लिहिलेला हा सद्गुणाचा ग्रंथ आहे. यास दंभ म्हणावे काय? तसे म्हणण्याची घाई करू नये. मोहाच्या जागा नेमक्या कोठे आहेत हे ज्याला स्वतः त्या जागी उभे राहावे लागले त्यालाच अशा बारकाईने सांगता येते. आणि कर्त्याच्या आचरणाने विधानाची सत्यता रद्द होत नाही, फक्त तिची किंमत कळते.

५

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरलेल्या या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाला मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे हस्तगत करून ते जाळणे हा दंग्याचा गाभा होता. मनुष्यहानी त्या मानाने फारच थोडी झाली.

इंद्रायणीत खते बुडाली आणि सुप्यास खते जळाली. पहिल्या प्रसंगी ती धनकोच्या हातून सुटली. दुसऱ्या प्रसंगी ऋणकोने हिसकावली. या दोन प्रसंगांमध्ये काय घडले? जुन्या गावगाड्यात सावकाराला सामाजिक दाब होता. कुळ बुडाले तर त्याचेही भागत नसे. रयतवारीने जमीन हस्तांतरणीय मालमत्ता झाली आणि दिवाणी न्यायालयाने रोख्यावरील अंगठ्याला निर्णायक मोल दिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला तेजी आली, पतपुरवठा सैल झाला; युद्ध संपताच भाव कोसळले आणि त्यातच वाढीव सारा आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याच्या वैधतेला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोला संरक्षण देण्याचा होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. संरक्षणाचा कायदाच फास आवळण्याचे निमित्त झाला.

येथे स्मिथचा मुद्दा पटतो : परिस्थिती बदलली, म्हणून वर्तन बदलले. परंतु तो पूर्णपणे पटत नाही. नवा रोखा लिहून घेण्याची परवानगी कायद्याने दिली. लिहून घेण्याची सक्ती केलेली नव्हती. प्रत्येक रोख्यापाशी एक माणूस बसलेला होता, आणि थांबण्याची जागा त्याच्यापुढे होती. शासनाने १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन देवघेवीचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली. कागद काय म्हणतो यापेक्षा व्यवहार कसा झाला हे पाहावयाचे होते. शील जेथून निघून गेले ती जागा भरण्याचा हा कायद्याचा प्रयत्न होता. ‘साहुकार’ शब्द घसरला तो याच दोन तारखांच्या दरम्यान.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अधिकार असून तो न वापरणे हा सद्गुण मानला, तर सद्गुण ही अधिकारसंपन्नांचीच मिरास ठरते. ज्याच्याजवळ रोखाच नाही त्याने काय बुडवावयाचे? आणि दुर्बळाचे भवितव्य सबळाच्या कृपेवर सोपविणे, ही कोणती नीती? महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची जी चिकित्सा केली तिचा रोख एखाद्या दुष्ट व्यक्तीवर नसून अज्ञान, नोकरशाही आणि जातिवर्चस्व यांच्या जाळ्यावर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये याहून मर्मग्राही निरीक्षण नोंदविले : जातिव्यवस्थेने सद्गुणालाही जातीच्या कुंपणात कोंडले आहे, हिंदूची दया, कौतुक, निष्ठा ही जातीच्या सीमेवर थांबतात. म्हणजे सद्गुणाचा अभाव ही एक आपत्ती आहे, आणि कुंपणातला सद्गुण ही दुसरी. सावकार स्वजातीयांशी सचोटीने वागत असेलही; तेवढ्याने त्याचे शील सिद्ध होत नाही.

हा आक्षेप मान्य करावाच लागतो, आणि तो मान्य केल्याने मूळ विधान अधिक नेमके होते. न्याय हा कोणाच्याही सद्गुणावर अवलंबून ठेवता कामा नये; तो व्यवस्थेने हमीने द्यावयाचा असतो. सद्गुणाचे क्षेत्र न्यायाच्या पुढे सुरू होते. परंतु न्यायाची व्यवस्थाही कोणीतरी चालवावी लागतेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाल्यास ते वाईटच ठरेल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी दिला. संस्थांवर ज्यांचा सर्वाधिक भर होता, त्यांनीच संस्थांची ही मर्यादा सांगावी, याचे महत्त्व मोठे आहे. ज्यांनी ‘कृपा’ नाकारली त्यांनी ‘शील’ नाकारले नाही.

७

आजच्या काळात सद्गुणालाच कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत बसविण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. या तरतुदीने शाळा-दवाखान्यांना पैसा मिळाला असेल तर ते स्वागतार्हच आहे. परंतु तिला ‘जबाबदारी’ म्हणताना उरलेले ९८ टक्के कसे मिळविले हा प्रश्न नजरेआड होण्याचा धोका असतो. तुकारामांचा प्रसंग दानाचा नव्हता. त्यांनी मिळकतीतून काही वाटले नाही. मिळकतीच्या पद्धतीपाशीच ते थांबले.

‘सत्यम्’ या नावाच्या कंपनीची गोष्ट येथे आठवते. २००८ मध्ये तिला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २००९ मध्ये ताळेबंद वर्षानुवर्षे फुगविल्याचे तिच्या अध्यक्षांनीच कबूल केले, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. लेखापरीक्षण, स्वतंत्र संचालक, नियम, पुरस्कार, सारे जागेवर होते. साधुवाण्याची नौका भरलेली असून तो रिकामी म्हणाला. येथे रिकामी असून भरलेली म्हटली गेली. ॲलस्डेर मॅकिन्टायरने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये कोणत्याही व्यवसायातील अंतर्गत आणि बाह्य श्रेये वेगळी केली, ती अशा ठिकाणी उपयोगी पडतात. हिशेबाचे अंतर्गत श्रेय खरे असणे हे आहे. बाह्य श्रेय भागाची किंमत वाढणे हे. दुसऱ्यासाठी पहिले सोडले की हिशेब हा हिशेबच राहत नाही, आणि कोणताही नियम त्याला पुन्हा हिशेब करू शकत नाही.

सद्गुणाची संहिता करता येत नाही, याचे कारण तो परवानगीच्या आत घडतो, आणि परवानगीच्या आतल्या सगळ्या जागा नियमाला आधी सांगता येत नाहीत. त्या दाखवाव्या लागतात. म्हणून सद्गुणाचे ज्ञान आख्यानांतून, दृष्टांतांतून, एखाद्या झाडाविषयीच्या आज्ञेतून टिकते. समीक्षेने ही आख्याने बोधाच्या खात्यात टाकून मोकळे होणे म्हणजे समाजाने या विषयावर केलेला विचार न वाचताच बाजूला ठेवणे होय.

आणि ती वाचताना कान्होबांचा वाटा विसरता कामा नये. त्यांची खते शिल्लक राहिली. त्यांनी ती वसूल केली असतील, आणि तसे करण्यात त्यांचा काही दोष नाही. बहुतेक माणसे, बहुतेक शासने आणि बहुतेक पेढ्या कान्होबांच्या बाजूलाच असतात. त्यांच्यासाठी न्याय्य कायदा, तपासणी आणि दंड हवेत. प्रश्न एवढाच आहे की, ज्या समाजात कोणीच कधी आपला वाटा नदीत सोडत नाही, त्या समाजाला तो कायदा न्याय्य आहे की नाही हे तरी कशावरून कळावे?